मागच्या टेबलावरची

३ जून
आले बाई एकदाची! नवं गाव, नवी नोकरी, खोलीला मोठी खिडकी, नळाला दिवसभर पाणी. चष्म्याची भिंगं बनवणारी कंपनी आहे. गिऱ्हाइकांच्या तक्रारींच्या मेलना उत्तरं लिहायची, एवढंच माझं काम. इथला एक नियम भारी आहे. सात दिवस उत्तर न गेलेली मेल उरावर घेऊन बसायचं नाही, ती सरळ मागच्या टेबलाकडे पाठवायची. तिथं एक बाई कायम पाठमोरी बसलेली असते. ती सगळं निस्तरते. मी मनातल्या मनात तिला साष्टांग नमस्कार ठोकला.

२८ जून
दिवसभर परक्या माणसांची क्षमा मागते आणि घरी आले की बाबांची मेल उघडायचा धीर होत नाही. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज गेला. तेव्हापासून ते एका बोटानं टाइप करतात, रोज चार ओळी. जेवलीस का, खोलीत उजेड येतो का. पहिल्याच दिवशी दोन शब्द लिहिले असते तर भागलं असतं. आता एकोणीस मेल साठल्यात, आता सविस्तरच लिहायला हवं. रविवारी नक्की लिहीन. मागचे तीन रविवारही नक्कीच होते म्हणा.

२ जुलै
आज वेडेपणा केला. बाबांच्या सगळ्या मेल मागच्या टेबलाकडे पाठवल्या. यापुढच्याही परस्पर तिकडेच जातील अशी सोय करून टाकली. कित्येक दिवसांनी जेवण गोड लागलं.

६ जुलै
तिनं बाबांना काय लिहिलं ते वाचलं. दुसरीत नापास झाले तेव्हा बाबांनी आईपासून प्रगतिपुस्तक लपवलं होतं, ती गोष्ट. ही मी जन्मात कुणाला सांगितलेली नाही. बाबांचं उत्तर होतं की बाळ, वाचून डोळे भरून आले, तू जवळ बसल्यासारखं वाटलं. मी भ्यायला हवं होतं. पण मला नुसता तिचा हेवा वाटला, आणि रडू आलं.

१० जुलै
तिच्या अंगात माझ्यासारखाच निळा स्वेटर. माझ्याएवढीच वेणी. शेजारच्या टेबलावरच्या चहाबहाद्दराला विचारलं, तर तो हसून म्हणाला की तुम्हा दोघींत आमची नेहमीच गल्लत होते. नेहमीच? मला येऊन महिना झालाय फक्त.

१५ जुलै
सोय बंद केली. स्वतः लिहिलं. बाबा, मी चुकले, रोज लिहीन. तासाभरात उत्तर आलं. आपण कोण? माझ्या मुलीची पत्रं मी ओळखतो. आजारी माणसाची अशी थट्टा करू नये.
आजारी?

१६ जुलै
मागचं टेबल रिकामं. ऑफिसातल्या हेडबाई म्हणाल्या, ती रजेवर गेली, वडील अत्यवस्थ आहेत तिचे. तिच्या कॉम्प्युटरवर बाबांच्या सगळ्या मेल होत्या. पाच दिवसांपासून हॉस्पिटलमध्ये. येशील का गं? येशील का? शेवटच्या मेलमध्ये फक्त 'ये'. खाली माझ्या नावानं उत्तर — निघालेच, बाबा.
आई फोन उचलत नाही. मिळेल ती गाडी —

१७ जुलै
हॉस्पिटल. वॉर्डाबाहेरचा बाक. नर्स म्हणाली, तासाभरापूर्वी गेले. शांतपणे. मुलीचा हात हातात होता म्हणे.
आत आई. तिच्या खांद्यावर डोकं ठेवून —
माझा निळा स्वेटर.
हाक मारली. आई बाहेर आली. मी म्हटलं, आई, मी गं. तिनं माझ्याकडे पाहिलं, परक्या बाईकडे पाहावं तसं. हात जोडले. म्हणाली, आलात, बरं वाटलं. ह्यांची नि तुमची ओळख कुठली?
सांगायलाच हवं होतं. तोंडातून शब्द फुटेना. म्हणून इथं लिहून तिला दाखवते —
आई, ते माझे