नेटच्या डब्यावरची काजळी

मंगळवार, दिवेलागणीला. श्रीगोंदा.

नेटवाला येऊन स्पीड तपासून गेला. मोबाईलवरचा काटा पार टोकाला जाऊन टेकला. म्हणाला, "काका, लाईन एकदम ओके हाय. महिनाभर कटच झाली न्हाई."

मग पुण्याचा आमचा पोरगा रोज व्हिडिओ कॉलवर दोन शब्द बोलतो आणि "आबा, तुमचं नेट अडकतंय" म्हणून फोन ठेवतो, ते काय? त्याचंच नेट खराब असेल? कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे तो! काटा डोळ्यांपुढून हलत नाही.

हिला वाटतं, साखर कारखान्याची काजळी बसून नेट मंदावतं. रोज तो डबा पदराने पुसते. आत्ताही पुसत होती. विचारलं, "काय म्हनला वो तो मानूस?"

"काजळीच हाय," म्हणालो. "पुसत जा."