पाटावरचे पाय

अण्णा, तुम्ही काढलेल्या चित्रातले पाय गेले. तालमीतल्या त्या मोठ्या चित्रातले. चेहरा जागच्या जागी आहे, अगदी कालच काढल्यासारखा. गेले ते पायच. तुम्ही असतात तरी "बरं, मग?" एवढंच म्हणाला असतात, हे मला ठाऊक आहे. पण सांगितल्याशिवाय चैन पडायचं नाही, म्हणून लिहिते.

तालमीची दुरुस्ती निघाली आहे. मागच्या आठवड्यात तिथले सेक्रेटरी कर्वेनगरला माझ्या घरी आले, सोबत त्यांची सून. ती कॉलेजात शिकवते. म्हणाली, "मॅडम, चित्र परत लावताना छोटा प्रोग्रॅम ठेवलाय. तुम्ही ड्रॉइंग टीचर होतात, शिवाय आर्टिस्टच्या डॉटर. त्यातलं सिम्बॉलिझम जरा एक्स्प्लेन कराल का? क्रांतिकारकाला देवासारखं का दाखवलंय वगैरे." मी बघते म्हटलं. मग सेक्रेटरी घसा खाकरून म्हणाले, "पाय जरा खराब झालेत, पण त्याची काळजी नाही. आपल्या अण्णांचे शिष्य स्वतः येऊन करून देणार आहेत." आपल्या अण्णांचे! मी आत जाऊन चहा टाकला आणि दोघांच्याही कपात साखर घालायची विसरले. त्यांनी तो तसाच प्यायला, बिचाऱ्यांनी.

तुमचा शिष्य आता मोठा माणूस आहे. वारज्याच्या त्यांच्या शेतावर इमारती उभ्या आहेत आणि याची चित्रं कुठे कुठे लागतात, पेपरात फोटो येतो, मी पान उलटते. पण मला तो अजून नारायण पेठेतल्या तुमच्या खोलीच्या दारात दिसतो. खाली छापखान्याची धडधड चालू आहे, तुम्ही कॅलेंडरची लक्ष्मी रंगवताय, मी खिडकीशी बसून फळं काढतेय, आणि हा सायकल लावून वर येतो, चप्पल बाहेर काढतो, तशी भुईवर मातीची पावलं उमटतात. चार रेघा ओढल्या त्यानं पाटीवर. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात आणि मला म्हणालात, "याचा हात बघ." मी बघितला. दुसरं काय करणार? तुम्ही माझ्या चित्रांना नेहमी "स्वच्छ आहे" म्हणायचात. स्वच्छ! भांडी असतात स्वच्छ.

मग तालमीचं काम आलं. फाशी गेलेला तो पेठेतलाच पोरगा, त्याचा फोटो कुठे उरलेला नव्हता, पाहिलेलं माणूसही कुणी राहिलं नव्हतं. चेहरा कुणाचा तरी उसना घ्यावा लागणार होता. दोन दिवस तुम्ही येणाऱ्याजाणाऱ्यांचे चेहरे निरखत होतात. तिसऱ्या दिवशी हा मान वर करून तांब्यातलं पाणी वरून पीत होता आणि तुम्ही म्हणालात, "हलू नकोस. हाच." क्रांतिकारकाला मुलीचा चेहरा देत नाहीत हे मलाही कळत होतं हो. मी काही वेडी नव्हते. पण नाक, कपाळ, हनुवटी, सगळं तुमचंच घेऊन मी तिथे बसले होते. एकदा तरी तुमची नजर माझ्यावर येऊन मग पुढे जायला हवी होती.

आणि शेवटी माझी आठवण झाली ती पायांसाठी. "याच्या टाचांना भेगा आहेत. देवादिकांच्या चित्रात पाय कोवळे लागतात. तू ये." सगळा जन्म देव रंगवलेल्या माणसाचा हिशेब तो. फासावर जाणारा तरणाबांड गडी आणि पाय मुलीचे, पण तुम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. घरातला जेवणाचा पाट आणून तुम्ही मला त्यावर उभी केलीत. मुंग्या आल्या म्हणून जरा पाय हलवला, तर "पायांनी बोलायचं नसतं" असं म्हणालात. तुमच्या विनोदांवर लोक हसायचे. मी उभी होते. आणि हा, कालपरवा आलेला, तुमच्या शेजारी मांडी घालून त्याच चित्रात पाटाभोवतीची रांगोळी रंगवत होता. त्याला ब्रश, मला पाट.

परवा सकाळी तालमीत गेले. कुस्तीच्या हौद्यातली माती काढून ठेवली होती, चित्र खाली उतरवून भिंतीशी टेकवलेलं. इतक्या जवळून ते मी तेव्हानंतर पाहिलंच नव्हतं. सेक्रेटरींच्या सुनेला काय सांगायचं ते मी ठरवून गेले होते, पण समोर बसले आणि ते सगळं बाजूला राहिलं. लोक म्हणतात तुम्ही त्या पोराचा देव केलात. तसं नाहीच ते. तुम्ही त्याच्या घरचं कार्य मांडलंय. फाशीच्या दोन्ही खांबांना सत्यनारायणाच्या चौरंगाला बांधतात तसे केळीचे खुंट, आडव्या तुळईला आंब्याचे डहाळे, पायाखालची फळी म्हणजे पाट, भोवती रांगोळी. दोर गळ्यात नाही, दोन्ही हातांत आहे, नवरदेवानं माळ धरावी तसा. आणि डोक्यामागचं वलय वगैरे काही नाही. उजेड खालून, समोरून येतोय, निरांजनाचा असतो तसा पिवळा आणि हलता. निरांजन कुठे आहे ते शोधत बसले. चित्रात ते नाहीच. ते बघणाऱ्याच्या हातात आहे. म्हणजे समोर जो कुणी उभा राहील, तोच त्याला ओवाळतोय. अण्णा, हे तुम्ही मला कधीच सांगितलं नाहीत. तुमच्या शिष्याला सांगितलं असणार, असं पहिलं मनात आलं. चित्राचं कौतुक नंतर.

पायांच्या जागी मात्र रंग जाऊन चित्राखालचं लाकूड उघडं पडलं होतं. "काच लावायची नाही, काच चमकते" हा तुमचाच हट्ट. हौद्यात उतरायच्या आधी प्रत्येक पोरानं वाकून त्या पायांना हात लावायचा, तेलाचा, मातीचा, घामाचा, आणि मग तो कपाळाला. पिढ्यान्‌पिढ्या बोटं फिरून माझे पाय पुसून गेले. त्याच्या चेहऱ्यापर्यंत कुणाचा हात पोचला नाही, म्हणून तो लखलखीत.

तेवढ्यात तुमचा शिष्य आला. केस पांढरे, काठीवर जरा भार देऊन. माझ्याशेजारी खाली बसला.

"ताई, ह्याला मी हात लावणार न्हाई," तो म्हणाला.

"का? सेक्रेटरी तर सगळीकडे सांगत सुटलेत."

"सांगू द्यात. पाय तुमचं हायेत."

"चेहरा तुमचा आहे ना? तो पुरे झाला की."

तो हसला. "तरुणपणी मी मुद्दाम हितं येऊन उभा राहायचो. वाटायचं, कुणीतरी म्हणंल, अरे हा तर तूच. एकानं वळखलं न्हाई. लोकं आली की खालीच बघत्यात. लई हेवा वाटायचा तुमचा."

मला वाईट वाटायला हवं होतं. बरं वाटलं, चांगलं पोटभर बरं वाटलं. मग विचारलं, निरांजनाचं तुम्हाला अण्णांनी सांगितलं होतं का? "कुठलं निरांजन?" असं म्हणून तो चित्राकडे बघायला लागला आणि त्याला ते दिसलं तेव्हा त्यानं नुसतं हूं केलं. त्यालाही सांगितलं नव्हतंत तर. मी रंगवते म्हणाले.

काल दुपारी गेले. तालमीत कुणी नव्हतं. घरून पाट नेला होता, तोच. चपला काढून त्याच्यावर उभी राहिले आणि खाली बघितलं. आता माझ्या टाचांना त्याच्या तेव्हाच्या टाचांपेक्षा जास्त भेगा आहेत, अण्णा. शाळेत फळ्यापुढे उभं राहून पडलेल्या. चित्रासाठी कोवळे पाय आता मी कुठून आणू? आहेत तसेच रंगवते आहे, भेगांसकट. तुम्हाला अजिबात आवडणार नाही. या वेळी पाय बोलतील, तुम्ही ऐकून घ्या. अंगठे झालेत, टाचा उद्या करेन, आणि पुन्हा पुसले गेले तर पुसले जाऊ देत, काच लावायची नाही असं मीही सांगून आलेय.

हे पत्र रंगाच्या डब्याखाली घालून ठेवीन, तुमच्या पत्त्यावर टपाल जात नाही. फक्त एक सांगायचं राहिलं. काल रंग कालवला, ब्रश उचलला, आसपास कुणी नव्हतं, आणि माझा हात आधी पायांकडे गेला नाही. वर गेला. त्याच्या हनुवटीपासून बोटभर अंतरावर मी ब्रश धरून उभी होते, दोन रेघांत ती तुमची-माझी हनुवटी झाली असती; मग खाली बसले आणि अंगठ्यापासून सुरुवात केली.