जवसाच्या तेलातला जॅक

बाबा,

शेटजींची लाल गाडी विकली. संत्र्याच्या व्यापाऱ्याला दोनच माणसांची, बिनटपाची विलायती स्पोर्ट्स गाडी कशाला हवी होती, हे तुम्हालाही कधी उमगलं नाही. पण बावीस वर्षं तिच्या एका सीटवर स्टिअरिंग धरून तुम्ही होतात आणि दुसरीवर शेटजी. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली, तरी पांढुर्ण्यात ती तुमचीच गाडी म्हणून ओळखली जाते. घेणारा नागपूरचा आहे, जुन्या गाड्यांचा शौकीन. त्यानं इंजिन नंतर पाहिलं. आधी विचारलं, कंपनीचा मूळ जॅक आणि पाने जागेवर आहेत का? ते उघडून दाखवायला शेटजींच्या मुलानं काल मला सौसरहून बोलावून घेतलं. तेव्हापासून चैन नाही. आज नववीच्या वर्गात एकच सुभाषित दोनदा शिकवलं. मुलांनी सौजन्यानं ते दोनदा उतरवून घेतलं.

डिकीत स्टेपनीच्या डाव्या अंगाला जॅक, चामड्याच्या पट्ट्यानं आवळलेला. उजवीकडे खाकी कॅनव्हासची गुंडाळी, तिच्यात सहा पाने, प्लग खोलायची नळी, तांब्याचा हातोडा. ज्याचा त्याचा खण. आणि यातलं काहीही वापरायचं नाही, हा तुमचा नियम. चाक पंक्चर झालं की सीटमागचा दुसरा, भंगारातून आणलेला जॅक निघायचा. मी तेव्हा नागपूरला संस्कृत शिकत होतो आणि शिकलेलं कुठेतरी सांडायची घाई होती. म्हणालो, "बाबा, हे देवळासारखंच झालं. पालखीत फिरते ती मूर्ती वेगळी, गाभाऱ्यातून हलत नाही ती वेगळी." तुम्ही पान्यावरची नजर न उचलता म्हणालात, "तुह्या कॉलेजात हेच शिकवून राहिले का? बरं हाये." रामाकोन्याच्या खडबडीत रस्त्यावर तुम्ही गाडी नव्हे, डिकी ऐकत चालवायचात. आतून जरा खडखड आली की थांबून उतरायचात. लोखंडाला लोखंड लागलं की ते आतून झिजतं, म्हणायचात. एरवी दिवसभरात तुम्ही एवढंही बोलत नसायचात.

दरवर्षी पावसाळ्याआधी तो जॅक गोणपाटात घालून घरी यायचा. सैपाकघराच्या उंबऱ्यात बसून तुम्ही त्याचा एकेक आटा पुसायचात आणि आई चुलीपुढून म्हणायची, "पोराले इतकं न्हाऊ घातलं नाई कधी." त्या वर्षी तुम्हाला हिवताप होता. दोन गोधड्यांखालून सांगितलंत, "आट्यायले तेल दे. गॅरेजातल्या डब्यातलं." गॅरेज स्टेशनापलीकडे, ऊन मे महिन्याचं, आणि माझ्या हातात पुस्तक. त्या वर्षी मला न्यायशास्त्र होतं, हे त्या जॅकचं दुर्दैव. तेल म्हणजे तेल, असा निष्कर्ष काढून मी फळीवरची जवसाच्या तेलाची बाटली घेतली. आईच्या जुन्या लुगड्याच्या निळ्या चौकड्यांच्या फडक्यानं सगळ्या आट्यांना ते सढळ हातानं चोपडलं आणि फडकं अंगणातल्या, कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या ढिगात खुपसलं. जवसाचं तेल वाळलं की रोगणासारखं घट्ट बसतं, हे आईला माहीत होतं, तुम्हाला माहीत होतं, सुतारालाही माहीत होतं. ग्रंथात मात्र नव्हतं.

मग दिवाळीच्या सुट्टीतला तो दिवस. बोरगावजवळच्या बागेत शेटजी व्यापाऱ्यांना संत्री दाखवायला गेलेत, मी मागच्या जीपमधून आलोय. परतायच्या वेळी चाक बसलेलं. रोजच्या जॅकचा दांडा नेमका वेल्डिंगला दिलेला. तुम्ही पट्टा सोडता, बारा वर्षांत पहिल्यांदा मूळ जॅक बाहेर काढता, गाडीखाली लावता आणि फिरवता. तो फिरत नाही. पुन्हा जोर लावता. नाही. शेटजी दहा माणसांसमोर म्हणतात, "काबे, बारा वर्षं याची पूजाच करून राहिला होता का?" सगळे हसतात. तुम्ही नखानं आट्यावरचं काहीतरी खरवडता, नाकाशी नेता. मी दोन हातांवर, झाडाखाली, संत्रं सोलतोय. तुम्ही माझ्याकडे बघत नाही. म्हणता, "चूक माह्यी हाये, शेटजी." शेवटी आठ माणसांनी गाडी हातांवर उचलून धरली. त्या आठांत मीही होतो. तेवढं मात्र मी मनापासून केलं.

संध्याकाळी जेवताना तुम्ही आईला विचारलंत, "अवो, भाजी जवसाच्या तेलात केली का?"

"नाई. काऊन?"

"काई नाई. वास येऊन राहिला."

मी ताटात मान घालून दोन भाकरी जास्त खाल्ल्या. तोंड भरलेलं असलं की बोलावं लागत नाही.

शेटजींच्या घरात मग तो किस्साच झाला. लग्नाकार्यात, पानसुपारीला. काल त्यांच्या मुलानं तोच गिऱ्हाइकाला सांगितला, माझ्यासमोर, प्रेमानंच: "आमच्या ड्रायव्हरनं जॅक इतका जपला, इतका जपला, का जाम करून ठेवला पाहा!" मी डिकीत वाकलो. पाने खणात होते, हातोडा हातोड्याच्या जागी. पट्टा सोडला तर जॅक फडक्यात गुंडाळलेला. निळ्या चौकड्या. स्वच्छ धुतलेलं, घडी घालून चारी बाजूंनी बसवलेलं, लोखंडाला लोखंड लागू नये असं. मी जॅक नुसता बोटानं फिरवला आणि तो लोण्यासारखा वर आला.

किती दिवस रॉकेलमध्ये भिजवलात, बाबा? आणि सुटला तेव्हा कुणालाच का नाही दाखवलात? सुटला म्हटलं असतं, तर कशानं अडकला होता हेही कुणी विचारलं असतं, म्हणूनच ना?

"घ्या, फिरून राहिला हा तं!" शेटजींचा मुलगा म्हणाला. "म्हंजे म्हाताऱ्यानं आपली चूक आपणच सुधरवली म्हना. होय ना, गुरुजी?"

मी म्हणालो, "हो."

एवढंच केलं असतं तर मी शांतपणे सौसरला आलो असतो. अशा गोष्टींची मला सवय आहे. पण पट्टा पुन्हा आवळताना मी ते फडकं काढून खिशात घातलं. का, ते सांगता येत नाही. आता ते या कागदाशेजारी पडलंय आणि तिकडे जॅक उघडाच आहे. उद्या सकाळी गाडी निघाली की नागपूरपर्यंत तो वाजत जाणार. ती खडखड इथे बसून मला आत्ताच ऐकू येऊ लागली आहे. फडकं परत न्यावं, तर ते कुणाच्या लुगड्याचं, कशानं माखलं होतं, माझ्या खिशात कसं आलं, हे सगळं सांगावं लागेल. नुसतं फडकं देऊन परतायचा एखादा मार्ग आहे का, याचा मी दुपारभर विचार केला. न्यायशास्त्राचा मला अजूनही भरवसा वाटतो, काय करणार.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणूनच इतकं सरळ लिहिता आलं. पांढुर्ण्याची पहिली बस सहाची. ती वेळ मला पाठ आहे, तरी मघाशी स्टँडवर जाऊन दोनदा विचारून आलो. दुसऱ्यांदा विचारताना मनात होतं, ती रद्द झाली म्हणतील.