आधीचा आजार

५ जानेवारी १९७६
जिनिंगमध्ये आजारपणाचा विमा सुरू होतोय! कापूस निवडणाऱ्या आम्हा बायकांनाही. मुकादम कोंडीबा पत्रक देऊन गेला. दोनदा वाचलं. सगळ्यांनी थोडंथोडं भरायचं, जो दवाखान्यात पडेल त्याचा खर्च त्यातून. म्हणजे कधी न पाहिलेल्या माणसाच्या मोडक्या हाडासाठी माझा घास! कुणाला सुचलं असेल हे?

तेव्हा हा विमा असता तर ह्यांना नांदेडच्या दवाखान्यात नेता आलं असतं. रोज एकदा हा विचार येतो. आजही आला.

८ जानेवारी
शब्द अवघड, पण सुटले.
प्रतीक्षा काळ — नाव घातल्यावर तीन महिने थांबायचं. त्याआधी पडलात तर काही नाही.
आधीचा आजार — नाव घालण्याआधीपासून अंगात असलेला. त्याचा खर्च कधीच नाही.
माणसाच्या सगळ्या चलाख्या लिहिणाऱ्याने घरबसल्या ओळखल्या! आणि नाव ज्याचं त्याचं वेगळं. घराचं एक नाही. माझ्या नावावर माझंच शरीर — असं कधी वाटलंच नव्हतं.

पण मला दम लागतो. चढावर. तो कशात धरायचा?

१२ जानेवारी
कारकून गोपीचंदने जन्मतारीख विचारली. आमच्या वस्तीत सगळे दीक्षेची सांगतात, तीच सांगितली — १४ ऑक्टोबर १९५६.
"अहो बाई, मग तुमी एकोणीस वर्षांच्या! अन् पोराचं लग्न करून बसल्या?"
अख्खी कचेरी हसली. मीही. मग त्याने हिशेब लावला — पोलीस ॲक्शनच्या साली लग्न, तेव्हा चौदाची. बेचाळीस भरले. विम्याची अट पंचेचाळीसच्या आत. बसते.

१३ जानेवारी
नणंद पंचफुला म्हणते, "दम लागतो म्हणून काहून सांगतीस? नाव घेतील का मग?"
खरं आहे. न घेतलं तर मी पडेन तेव्हा ह्यांच्यासारखीच नाक्यावर गाडीची वाट बघत मरेन. पण लपवलं तर दुसऱ्याच्या घासावर हात.
सांगितलं. गोपीचंद म्हणाला, "मग डॉक्टरकडं जावं लागन."

१९ जानेवारी
हिंगोलीला गेले. डॉक्टरने नळी छातीला लावली, बराच वेळ ऐकलं. मग नळी माझ्याच कानात घातली. "ऐका."
काय सांगू! आत कुणीतरी चालत होतं. थांबत नव्हतं. आणि प्रत्येक पावलामागे वाऱ्यासारखं — सूं... बेचाळीस वर्षं हे चाललंय आणि मी आज ऐकलं!
"झडप खराब आहे. लहानपणी ताप आला असेल. छातीवर हात ठेवला तरी कळतं, मांजर घुरघुरल्यासारखं."
ठेवला. कळलं.

२० जानेवारी
नाव घेतलं! हृदय सोडून सगळं चालेल — हाड, ताप, पोट. हृदय तेवढं माझं मला.
गोपीचंदने विचारलं, "हा आजार कधीपासून माहीत?"
"काल कळला," म्हणाले. सही केली.

२२ जानेवारी
पंचफुलाला सगळं सांगितलं. तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "दादाला ठावं व्हतं, वयनी. तुझ्या छातीतली घुरघुर कळली तवाच त्यानं डॉक्टरला इचारलं व्हतं. मला म्हणला, तिला सांगू नको, भिऊन राहील."

लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यापासून विहिरीवरून पाणी हेच आणायचे. गाव हसायचं — बायकोचा गडी!
हेही हसायचे.