गोळी घेतली होतीस तू

आई, तू जाऊन बावीस वर्षं झाली. आज दवाखान्यात एक बाई आली होती, म्हणून तुला लिहायला बसले.

मुरबाडचं आपलं स्वयंपाकघर. मी डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला, सुट्टीत आलेली. तू भाकऱ्या करतेयस आणि मी तुझ्या दंडाला बीपीचा पट्टा बांधलाय. दोनशेच्या वर. "गोळी घेत नाहीस तू." "घेते गो." "खोटं बोलू नकोस, आई." तू भाकरी उलटलीस. दुसऱ्या दिवसापासून गोळी गिळली की तू माझ्यासमोर तोंड उघडून, जीभ वर करून दाखवायला लागलीस. मीही बघायचे. बीपी उतरलं नाही, तरी मी तुलाच दोष देत राहिले. दिवाळीआधी तुझी उजवी बाजू गेली, मग तूच.

आता शहापुरात माझा दवाखाना आहे. ही बाई खर्डीची, अंगणवाडीत मदतनीस. बीपीच्या चार प्रकारच्या गोळ्या, त्याही आमच्या नर्ससमोर घेतलेल्या. चोवीस तास दंडाला मशीन लावून पाहिलं, बाकी तपासण्या केल्या, दुसरं कारण सापडलं नाही. बीपी चढलेलंच. अशांसाठी आता एक उपाय आहे. जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी मूत्रपिंडापर्यंत नेतात आणि बीपी चढवणाऱ्या तिथल्या नसा उष्णतेने निकामी करतात. मी तिला ठाण्याला पाठवलं. बीपी थोडंच उतरेल, गोळ्या सुटणार नाहीत, हे मी सांगितलं होतं, पण घाईघाईत. ती नको म्हणेल अशी भीती होती. तीन महिन्यांनी आज आली. उतरलंय, पण पुरेसं नाही.

"म्हणजे मी सुटले नाय यातून," ती म्हणाली.

"गोळ्या घ्याव्या लागतील."

"आणखी काय हाय का?"

मी तिचा कागद पुन्हा वाचत बसले. बाहेर पेशंट खोळंबलेले. तिला घरी जा म्हणवेना, थांबा म्हणायला हातात काही नाही. तुझ्या वेळी उपायच नव्हता, असं म्हणून इतकी वर्षं मी स्वतःची सुटका करून घेत होते. आता उपाय आहे, आणि मी तशीच अडकलेय.

उठताना तिने विचारलं, "मॅडम, तुमच्या घरात कोणाला होतं का असं?"

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून सांगते. मी तिला म्हणाले, "नाही."