चहाच्या वाडग्यातली पिन

चेचेरलेग
१७ सप्टेंबर १९९८, गुरुवार, सकाळचे अकरा

तीर्थरूप ओचिरदादास,
धाकट्या आद्याचा नमस्कार.

जनावरं अंगाने भरली ना? शरद शांत जातोय ना? वहिनीचे गुडघे काय म्हणतात? अकरा वर्षांनी भावाला पत्र लिहितो आहे आणि वाटेत भेटलेल्या परक्याला विचारावं तेच विचारतो आहे. आजोबा लामांनी मोठ्या हौसेने आपली नावं संस्कृतातून आणली, तू ओचिर म्हणजे वज्र आणि मी आद्या म्हणजे आदित्य. वज्राने बोलणं सोडलं. आदित्य शाळेत व्याकरण शिकवतो आणि थंडीने कुडकुडतो.

या पत्राच्या घडीत एक छोटी लोखंडी वस्तू आहे. उघडताना ती पडू देऊ नकोस. तिच्याबद्दल पुढे लिहितोच आहे, जरा धीर गोळा करू दे. हे पत्र घेऊन येणाऱ्या चेंदचा डिझेलचा टँकर भरायला अजून तासभर आहे.

माझ्या लेकीला, खोंगोरझुलला, घाटापलीकडे तोसोनचेंगेलला जनावरांच्या डॉक्टरची नोकरी लागली. तू तिला शेवटचं पाहिलंस तेव्हा बारा वर्षांची होती, करडांना पट्ट्या बांधत फिरायची. आता तेवीस वर्षांची आहे आणि पट्ट्या बांधायचा पगार मिळणार आहे. जनावरांच्या डॉक्टरला तिकडे गाडीशिवाय कोण विचारतो? म्हणून वसंतात तीन घोडे देऊन, भूगर्भवाल्यांच्या बंद पडलेल्या तळावरून एक जुनी रशियन जीप आणली. चारही चाकांना जोर मिळायचा, पण चौघं एका दिशेला जायला राजी नसायची. मी तिचं नाव गरुड ठेवलं. घरात सगळे हसले.

पूर्ण उन्हाळा मी अंगणात तिच्याखाली पाठ टेकून काढला. तळ गंजून जाळी झाला होता, त्याला आपल्या आईच्या जुन्या शेगडीचा पत्रा लावला. डावं दार नव्हतंच, ते एका मोडक्या टपालगाडीचं बसवलं. गाडी हिरवी आहे आणि दार निळं. (हे लक्षात ठेव.) कार्ब्युरेटर मी चार वेळा खोलला आणि तीनच वेळा जोडला, असं तुझी भावजय नोर्जमा म्हणते. खोंगोर येता-जाता माझे पाय दिसले की विचारायची, “बाबा, सूत्रं म्हटल्याने नट आवळले जातात का?”

“जातात,” मी खालून सांगायचो, “पण उच्चार शुद्ध हवा.”

असा आनंदाचा उन्हाळा मला पुष्कळ वर्षांत मिळाला नव्हता. तू पाहिलं असतंस तर पाना माझ्या हातातून काढून घेतला असतास. ते फार बरं झालं असतं.

शेवटच्या आठवड्यात स्टिअरिंगला हात घातला. चाकं वळवणाऱ्या दांड्याची दोन्ही टोकं झिजली होती, ती नवी बसवली. जन्मभर ट्रक चालवलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे उंटाला वाळवंट दाखवणं, तरी लिहितो, कारण लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. टोकावर नट. नटातून आरपार पिन. पिनेची शेपटी वाकवायची, म्हणजे हादऱ्यांनी नट सुटत नाही. दोन टोकं, दोन पिना. उजवीकडची बसवली. डावीकडची हातात घेतली तेवढ्यात नोर्जमाची हाक आली, “चहा निवतोय!” मी पिन पडवीतल्या एका रिकाम्या वाडग्यात ठेवली आणि चहा घरात जाऊन दुसऱ्या वाडग्यातून प्यालो.

त्यानंतर पाहुणे आले, सामान बांधणं आलं. मी समजत राहिलो की झालं.

व्याकरणात, दादा, लोप झालेला प्रत्यय डोळ्यांना दिसत नसला तरी आपलं काम करून जातो. मुलांना मी हे वीस वर्षं कौतुकाने शिकवतो आहे. पिनेचं तसं नसतं.

काल, बुधवारी सकाळी, दोघी निघाल्या. खोंगोर चालवायला आणि तिला सोडायला शेजारी नोर्जमा. शेजारच्या आजीने वाट शुभ व्हावी म्हणून चारही चाकांवर दूध शिंपडलं. मी फावडं आणायला पडवीत गेलो आणि वाडगा दिसला. आत पिन. शेपटी सरळ, कोरी करकरीत.

बाहेर आलो तेव्हा इंजिन चालू होतं आणि आजी गाडीमागे दूध उडवत होती.

“थांब...” माझ्या तोंडून एवढंच निघालं.

आजीने पळी माझ्यावर रोखली. “गप रे! दूध शिंपडून झालंय. निघालेल्या माणसाला मागे ओढतात? एवढी पुस्तकं वाचलीस, त्यात हे नव्हतं का कुठे?”

खोंगोरने निळ्या दारातून डोकं बाहेर काढलं. “काय, बाबा?”

आणि मी काय म्हणालो असेन? म्हणालो, “चहाचा थर्मास घेतलास ना?”

“घेतला. आणखी काही?”

“काही नाही.”

गाडी फाटकातून उजवीकडे वळली. वळताना छान वळली.

मी का बोललो नाही हे तुला ठाऊक आहे. जगात फक्त तुलाच ठाऊक आहे. अकरा वर्षांपूर्वी तू लोकर भरून सोलोंगोत घाटाकडे निघालास, आईने दूध शिंपडलं, आणि मी सगळ्यांसमोर हसत विचारलं, “दादा, किती वाजता पोहोचशील?” निघालेल्या माणसाला हे विचारायचं नसतं, हे आपल्याकडे दुधाचे दात असलेल्या पोरालाही कळतं. मलाही कळत होतं. कळत होतं म्हणूनच विचारलं, वाराणसीत शिकलेली सहा वर्षं मिरवायची होती. संध्याकाळी तुझा ट्रक घाटात उलटला. दवाखान्यात मी आलो तेव्हा तुझा पाय लाकडांत बांधला होता. तू मला शिवी दिली नाहीस. एवढंच म्हणालास, “पोहोचलो बघ, पंडित. वेळ लिहून घे.”

त्यानंतर तू माझ्याशी बोलला नाहीस, आणि मीही पोरीला शिकवलं की काकाच्या दारात आपलं जाणं-येणं नाही.

तेव्हा नको ते बोललो, म्हणून काल हवं ते बोललो नाही. मौनाची थोरवी सांगणारी तीसएक सुभाषितं मला पाठ आहेत. ती रचणाऱ्यांपैकी कुणी जीपखाली झोपलेला नसावा.

कालचा दिवस मी स्वतःशी वाद घालण्यात घालवला. नट लांब पान्याने, सगळा भार टाकून आवळलाय. नवा आहे. गाडी दोनदा गावात फिरवून आणलीये. वादात मी जिंकलो. मग संध्याकाळी जुनं काढलेलं टोक शिकंज्यात धरलं, नट तसाच आवळला, पिन घातली नाही, आणि हातोडीने ठोके मोजू लागलो. तीनशे ठोक्यांनी नट एक चतुर्थांश फिरला. पाचशेनंतर मी तो दोन बोटांनी काढला.

इथून तुझ्या तारियातपर्यंत किती दगड आहेत रे, दादा? तू या रस्त्याने जन्मभर गेलायस.

आज सकाळी टपाल कचेरीत धावलो. वाऱ्याने खांब पडलेत, तारियातची फोनची लाइन मंगळवारपासून बंद. दोघी दोन रात्री नोर्जमाच्या बहिणीकडे आहेत, चुलूत नदीकाठी. पण ती मंडळी शरदातल्या मुक्कामाला हललीत, नेमकी कुठल्या दरीत ते कुणाला माहीत नाही. नक्की एवढंच की शुक्रवारी सकाळी त्या निघतील, तारियातवरून जातील आणि तोच घाट चढतील. घाटात परवा बर्फ पडलाय म्हणतात. चढताना काही होणार नाही कदाचित. उतरताना वळणं आहेत.

चेंदला म्हटलं, “माझ्या भावाला एक निरोप सांगशील?”

“तोंडी सांगू नका, गुरुजी,” तो म्हणाला. “तुमचं तोंड बघून कळतंय निरोप कसला आहे. मला याच वाटेने जायचंय, निघताना वाईट कानावर नको. लिहून द्या. मला वाचता येतं, पण मी वाचणार नाही.”

“मग मीच येतो.”

“आत सासू आहे नि सासूची बकरी. वर डिझेल. बसता कुठे? सासूच्या मांडीवर?”

म्हणून हे पत्र. ते आज रात्री तुला मिळेल.

आता नीट वाच. उद्या सकाळपासून तुझ्या गावच्या पुलाशी उभा राहा. हिरवी जीप, निळं दार. त्या तुझ्या दारात थांबणार नाहीत, ती शिकवण माझीच. रस्त्याच्या मधोमध उभा राहा. वाटेला लागलेल्याला आडवं जाणं अशुभ, आजी म्हणेल. ते अशुभ माझ्या नावावर घाल, तिथे आधीच एक आहे. खोंगोर काच खाली करून म्हणेल, “बाजूला व्हा, काका, घाईत आहे.” तेव्हा वाद घालू नकोस. तुझा तो पाय तिच्या चाकापुढे ठेव. ती डॉक्टर आहे, लंगडं काही दिसलं की खाली उतरतेच.

डावीकडचं पुढचं चाक. नट घट्ट कर, छेद जुळव, घडीतली पिन घाल. तुला खाली झोपवत नसेल तर खोंगोरच्या हातात दे आणि काय करायचं ते सांग. माझ्याबद्दल जे सांगायचं तेही सांग. सगळं सांग, मोठ्याने. आपल्या घरात एकाने तरी वेळेवर बोलायला हवं.

दुपारपर्यंत निळं दार दिसलं नाही, तर... हे वाक्य मी पुरं करत नाही.

मी उद्याच्या टपालगाडीने निघतो आहे. शनिवारी तुझ्या दाराशी येईन. आत घेतलं नाहीस तर बाहेर बसेन, पण त्या दोघी आत आहेत एवढं मला दारातूनच ओरडून सांग.

चेंद भोंगा वाजवतोय. घाईत लिहितोय, म्हणून अक्षर असं. तू म्हणायचास, आद्याचं अक्षर तेवढं चांगलं.

दोघी किती वाजता पोहोचतील, हे मी तुला विचारत नाही.

तुझा,
तोंड मिटून बसलेला,
आद्या