मास्तरच्या नातीची शाळा

बाबा, तुमच्या नातीला मी शाळेतून काढलं. दोन वर्षं झाली. तुम्ही असता तर मूल गावाहून पहिल्या एसटीनं इथं अहेरीला आला असता. लहानपणी मला ताप भरला तो दिवस आठवतो. आई दारात आडवी उभी आहे आणि तुम्ही म्हणता, "मास्तरचीच पोरगी घरी राह्यली, तं बाकीच्याइले कोन्त्या तोंडानं बोलावू?" दिवसभर मी तुमच्या टेबलाशेजारी शाल पांघरून झोपले. हजेरी मात्र लागली.

पण ही पोर पहिलीत सहा महिने बोललीच नाही. घरी चिवचिव, वर्गात मुकी. मग घरीही गप्प राहू लागली, तेव्हा मी घाबरले आणि तिला घरीच शिकवायचं ठरवलं. सासूबाई म्हणाल्या, "मास्तरची पोरगी, अन् सोताच्या पोरीले शाळेतून काढून राह्यली?" लेकराला घरी कसं शिकवावं, याची मी पुस्तकं मागवली. पहिल्या पुस्तकाप्रमाणे घरातच वेळापत्रक लावलं, घंटीसुद्धा आणली. तिसऱ्या दिवशी ती घंटी शेजारच्या शेळीच्या गळ्यात. दुसरं पुस्तक म्हणालं, लेकराला आवडेल तेच करू द्या. तिला आवडलं अंड्यांवर बसलेल्या कोंबडीसमोर बसणं. पिल्लं निघेपर्यंत दुसरं काही नाही. तिसऱ्या पुस्तकाप्रमाणे मोजायला चिंचोके दिले, ते तिनं भाजून खाल्ले. पण पिल्लांची बातमी तिनं गल्लीभर ओरडून सांगितली, आणि त्या दिवशी मी चुलीपुढे बसून रडले, आनंदानं. फक्त पाढे काही येईनात. घोकंपट्टी करून घेणार नाही, असं मी सगळ्यांना ठणकावलं होतं.

गेल्या आठवड्यात बाजारातून येताना तिनं रस्त्यातच फतकल मारली. "मले नाई चालनं होत." माझ्या दोन्ही हातांत पिशव्या. आणि तोंडून आपोआप निघालं, बे एके बे, बे दुणे चार, अगदी तुमच्या चालीत. मला सायकलच्या दांड्यावर बसवून तुम्ही पायडलच्या ठेक्यावर म्हणायचा, तसंच. ती उठली. एका आकड्याला एक पाऊल. घर येईतो तीनचा पाढाही झाला होता.

दारात तिनं विचारलं, "आई, हे कोन्त्या पुस्तकातलं हाये व?"

सासूबाई कान देऊन होत्या. मी म्हटलं, "पुस्तकातलं नाई. माह्यं मीच काढलं."

तुमचं नाव अजूनही सांगितलेलं नाही, बाबा. ती हल्ली दिसेल ते मोठ्यानं वाचते, म्हणून हे पत्र तांदळाच्या डब्याखाली ठेवते आहे.